पाऊल पुढे वाजलं की मागे? हेडफोनमधून दिशा नीट कळायला नक्की काय करायचं?

कुळागरकर:
नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळ राहतो. दिवसभर ऑफिस, रात्री जेवणं आटोपली की साडेनऊ ते साडेअकरा आम्ही पाच भावंडं (दोघं मडगावात, एक पुण्यात, एक बहीण डिचोलीत) एकत्र सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २, बंदुकीचा गेम) खेळतो, कधीकधी तसाच व्हॅलोरंट. मेपर्यंत साधे इयरफोन होते. मग वाढदिवसाला ७.१ (म्हणजे सात दिशांनी आवाज) लिहिलेला यूएसबी हेडसेट घेतला, खोक्यावर 'शत्रू कुठून येतोय ते ऐका' असं चित्रासकट छापलेलं. आणि तेव्हापासून उलटंच झालंय. डावं-उजवं कळतं, पण समोर की मागे हे काही केल्या कळत नाही. पाऊल वाजतं, मी गर्रकन मागे वळतो आणि माणूस समोरच्या दारातून येऊन मला मारून जातो. सीएस२ च्या न्यूक मॅपवर तर वरच्या साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) आहे की खालच्या हेही कळत नाही, नुसता गोंगाट. बहीण म्हणते तुझे कान तपासून घे. कान ठीक आहेत, गेल्याच वर्षी तपासलेत.

प्रश्न सरळ आहे. हेडसेट बदलू, साउंडकार्ड घेऊ, की सेटिंगमध्येच काहीतरी चुकतंय? सहा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे, पण परत फुकट घालवायचे नाहीत.

म्हापशेकार:
पहिलं काम, एल आणि आर बघ. उलटा घालत नाहीस ना? हसू नकोस, माझ्या भाच्याने दोन महिने उलटा घातला होता.

कुळागरकर:
बघितलं रे, सुलटाच आहे. 

रातपाळी:
वाचतेय. मलाही हाच प्रश्न आहे.

सर्किट:
पैसे खिशातच ठेवा. आधी एक सांगा, आत्ता आवाजावर नक्की काय काय चालू आहे? हेडसेटचं सॉफ्टवेअर, विंडोजचं स्पेशियल साउंड आणि गेममधलं सेटिंग, तिन्ही बघून लिहा.

तोवर थोडं मुळापासून सांगतो, कारण हे एकदा कळलं की खोक्यावरची चित्रं बघायची गरज उरत नाही. मी गेली बारा-तेरा वर्षं जत्रेतल्या नाटकांना साउंड करतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय हा रोजचाच विषय आहे.

आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि आपलं डोकं केवढंसं, त्यामुळे हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. एवढा बारीक फरक मेंदू पकडतो. शिवाय लांबच्या कानावर डोक्याची सावली पडते, म्हणून तिथे आवाज, त्यातही वरच्या पट्टीतला, कमी पोचतो. डावं-उजवं कळतं ते या दोन गोष्टींवर.

आता मुद्द्याचं. आवाज बरोबर नाकासमोर असला काय किंवा बरोबर पाठीमागे असला काय, दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारखाच पोचतो. मग समोर-मागे कळतं कशावरून? कानाच्या पाळीवरून. पाळीचे जे खळगे-उंचवटे असतात ते समोरच्या, मागच्या, वरच्या आवाजाला वेगवेगळा रंग देतात आणि आपला मेंदू लहानपणापासून तो रंग शिकलेला असतो. करून बघा: डोळे मिटून बसा, कुणाला तरी चाव्यांचा जुडगा घेऊन तुमच्या नाकाच्या रेषेत समोर, डोक्यावर, मागे असा कुठेही वाजवायला सांगा. डोकं अजिबात हलवायचं नाही. मग दोन्ही पाळ्या बोटांनी चपट्या दाबून (भोक झाकायचं नाही) तेच परत करा.

हेडफोन घातला की ध्वनी थेट कानात, बाहेरून येताना पाळी जे काम करते ते होतच नाही. म्हणून ते काम सॉफ्टवेअरने आधीच करून द्यावं लागतं. यालाच एचआरटीएफ म्हणतात. हे काम एकदाच व्हायला हवं, दोनदा झालं की सगळा चिखल.

कुळागरकर:
सर्किटदादा, बघितलं. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये ७.१ चालू. विंडोजमध्ये विंडोज सॉनिक चालू (कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलं होतं). व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ चालू. सीएस२ मध्ये तसं बंद करायचं बटणच दिसत नाही.

सर्किट:
मग झालं की निदान. एकाच भाजीला तिघांनी मीठ घातलंय. 

सीएस२ स्वतःच दोन कानांचा हिशेब करून आवाज देतो. व्हॅलोरंटने २०२१ मध्ये एचआरटीएफ आणलं, तेही तेच करतं. गेमला नक्की माहीत असतं की शत्रू तुमच्या मागे चाळीस अंशांवर आहे, त्यामुळे गेमचा हिशेब सगळ्यात बरोबर. त्यावर तुमचा हेडसेट तोच तयार आवाज परत घेतो आणि जणू समोर दोन स्पीकर ठेवलेत असं धरून त्याला पुन्हा पाळीचा रंग देतो, थोडा घुमारा पण टाकतो. मग मागचं पाऊलही 'समोरच्या स्पीकरचा' रंग घेऊन येतं. तुम्ही गर्रकन वळता ते उगीच नाही.

आज रात्री एवढंच करा. हेडसेटचं ७.१ बंद, स्टिरिओ ठेवा. टास्कबारवरच्या स्पीकरवर राइट क्लिक करून साउंड सेटिंग, तिथे स्पेशियल साउंड ऑफ. बास बूस्ट, थिएटर मोड वगैरे सगळं बंद. गेमचं तेवढं राहू द्या. आणि दोन-तीन दिवस धीर धरा, पहिल्या दिवशी आवाज बारीक आणि कोरडा वाटेल.

पावसाळी:
इथे मी असहमत. सरसकट '७.१ बंद' हा सल्ला चुकीचा आहे. मी स्पर्धेचे गेम खेळत नाही, कथेचे खेळते, आणि त्यातल्या पुष्कळशा गेममध्ये स्वतःचं एचआरटीएफ नसतंच. तिथे गेम सात दिशांचा आवाज वेगवेगळा पाठवतो आणि विंडोज सॉनिक किंवा डॉल्बी अ‍ॅटमॉस फॉर हेडफोन्स त्याचं दोन कानांत रूपांतर करतं. ते बंद केलं तर मागच्या आणि समोरच्या आवाजात काहीच फरक राहत नाही, कारण साध्या स्टिरिओत 'मागे' अशी जागाच नाही. काही गेम तर विंडोजला उंचीसकट आवाज देतात, पाऊस खरंच डोक्यावर पडतो. मी त्यासाठी पैसे भरलेत आणि मला एकदाही वाईट वाटलेलं नाही.

सर्किट:
बरोबर आहे ताई, मी त्यांच्या दोन गेमपुरतं बोललो. नियम असा धरू: हिशेब एकाच ठिकाणी. गेम करत असेल तर बाकी सगळं बंद. गेम करत नसेल तर गेममध्ये ७.१ निवडायचं आणि विंडोज किंवा हेडसेट, दोघांपैकी एकालाच काम द्यायचं.

पावसाळी:
हे पटलं. 

जुनापीसी:
हे सगळं नवीन नाहीये मित्रांनो. १९९८-९९ ला मडगावात आमच्या एका मित्राकडे ऑरियल कंपनीचं साउंडकार्ड होतं, त्यात ए३डी नावाचा प्रकार. साध्या हेडफोनवर हाफ-लाइफ लावायचो, ए३डी चालू केलं की मागे दार उघडलं तर मागेच उघडायचं, अंगावर काटा यायचा. मग क्रिएटिव्ह या दुसऱ्या साउंडकार्ड कंपनीने त्यांच्यावर पेटंटचा खटला घातला. ऑरियल कोर्टात जिंकली पण पैसे संपले, २००० मध्ये बुडाली आणि उरलंसुरलं क्रिएटिव्हनेच विकत घेतलं. पुढे २००७ ला विंडोज व्हिस्टा आलं आणि गेम थेट साउंडकार्डकडून ३डी आवाज करून घ्यायचे ती वाटच मायक्रोसॉफ्टने काढून टाकली. त्यानंतर मधली कितीतरी वर्षं आम्ही चित्र वरचढ आणि आवाज पूर्वीपेक्षा मागास असं बघितलं. २०१७ मध्ये सीएस वाल्या व्हॉल्वने स्टीम ऑडिओ (गेममधल्या आवाजाला दिशा देणारं सॉफ्टवेअर) फुकट खुलं केलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आता हा हिशेब प्रोसेसर सहज करतो, म्हणून कुळागरकर, दिशेसाठी वेगळं साउंडकार्ड घेऊ नका. समोरच्या जॅकमधून खरखर किंवा शिट्टी येत असेल तर छोटा यूएसबी डॅक (कॉम्प्युटरबाहेर हेडफोनचा आवाज तयार करणारी डबी) घ्या, त्याने खरखर जाईल. दिशा त्याने येत नाही.

म्हापशेकार:
व्हॉल्व नव्हे, वाल्व्ह. 

जुनापीसी:
आमच्या मडगावात व्हॉल्वच.

न्यूकवाली:
कुळागरकर, न्यूकचं मी सांगते, माझं घरच तिथे आहे. ए साइट वर आणि बी साइट बरोबर तिच्या खाली, त्यामुळे अंतर आणि डावं-उजवं दोन्ही सारखंच, उरतो फक्त वर-खालीचा फरक आणि तो सगळा पाळीच्या रंगावर. गेममधला एचआरटीएफ कुठल्यातरी सरासरी कानांवर बेतलेला असतो, तुमच्या कानांवर नाही. ज्याचे कान त्या मापाच्या जवळ, त्याला लगेच कळतं. माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून वर-खाली स्पष्ट ऐकू येतं, मला आठ-दहा दिवस लागले. 

मी काय केलं ते सांगते. एक, पावलाचा पोत. न्यूकवर पत्रा, काँक्रीट, शिडी सगळ्यांचे आवाज वेगळे. पत्र्याचा आवाज कुठे येऊ शकतो त्या जागाच मोजक्या. दोन, आणि हे फार महत्त्वाचं, माउस हलवायचा. पाऊल ऐकलं की गोठून बसायचं नाही, नजर दहा-पंधरा अंश उजवीकडे न्यायची. आवाज समोर असेल तर तो डावीकडे सरकतो, मागे असेल तर उजवीकडे. ही गोष्ट आपण रोज मान हलवून करतोच, फक्त हेडफोनमध्ये मान हलवून उपयोग नाही कारण हेडफोनही बरोबर फिरतो. इथे माउस म्हणजे मान.

तुमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एल-आर आयसोलेशन आहे ते फार चढवू नका, डावं-उजवं तुटक होतं.

रातपाळी:
माउस म्हणजे मान!! आत्ता लगेच करून बघितलं. इतकी वर्षं कुणी का नाही सांगितलं हे.

चाव्यांचा प्रयोगही केला, आईला हाताशी धरून. साधं बसले तेव्हा नऊपैकी आठ बरोबर, पाळ्या दाबल्यावर मी डोक्यावरचा आवाज मागे सांगितला आणि समोरचा पण मागेच. आई म्हणाली आता भाजी करपली तर तुझे कान पिळीन :)

भाटातला:
थोडं अवांतर. आमचं घर वाळपईच्या बाजूला, मागे कुळागर. आजी स्वयंपाकघरात बसलेली असते आणि बाहेर धप्प झालं की हातातली विळी न ठेवता सांगते, 'व्हाळाकडचो माड.' मी उठून जातो, नारळ तिथेच. ब्याऐंशी वर्षं वय, एका कानाने तसं कमीच ऐकू येतं. मी एकदा विचारलं, तुला कळतं कसं? तर म्हणाली, व्हाळाकडे पडला की चिखलात बसतो, वयीकडे (कुंपणाकडे) पडला की पाचोळ्यावर पडून घरंगळतो, आणि गोठ्याकडचा पडला तर आधी पत्रा वाजतो. म्हणजे ती दिशा ऐकतच नाही, जमीन ऐकते. न्यूकवालीताईंचं पत्रा-काँक्रीट वाचलं आणि आजीच आठवली. पाडेली (नारळ पाडणारा) आला की त्यालाही तीच सांगते कुठल्या माडावर वाढ जास्त झालीय.

न्यूकवाली:
भाटातला, काय सुंदर लिहिलंत. आजींना नमस्कार सांगा. आणि मॅप पाठ करायचा म्हणजे हेच.

कॉलेजकार:
मला एक डाउट आहे. माझा ब्लूटूथ हेडफोन आहे, गाणी मस्त ऐकू येतात. पण डिस्कॉर्डवर मित्रांशी बोलायला लागलो की गेमचा आवाज एकदम फोनवर बोलल्यासारखा होतो आणि दिशा गायब. हेडफोन खराब आहे का?

सर्किट:
खराब नाही. ब्लूटूथवर गाणी ऐकताना एक प्रकारची जोडणी असते, दोन्ही कानांना वेगळा चांगला आवाज देणारी. त्याच हेडफोनचा माइक चालू झाला की तो बहुतेक वेळा फोनकॉलच्या जोडणीवर जातो, तिथे आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच. मोनोत कसली दिशा? शिवाय साध्या ब्लूटूथला आवाज पोचायलाच उशीर लागतो, गेममध्ये तो जाणवतो. माइक वेगळा लावा, अगदी जुन्या इयरफोनचा चालेल, आणि डिस्कॉर्डमध्ये तो निवडा. त्याहून बरं म्हणजे वायरचा हेडफोन. वायर नकोच असेल तर स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला घ्या.

कॉलेजकार:
जुन्या इयरफोनचा माइक लावला. आवाज परत आला!! देव बरे करो.

म्हापशेकार:
आणि एक, विंडोजमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' नावाचं बटण असतं, ते चुकून चालू नाही ना तेही सगळ्यांनी बघा. घरात पोरंबाळं असली की काहीही चालू होतं.

खाऱ्यावाऱ्याचा:
माझा अनुभव सांगतो, कदाचित कुणाच्या कामी येईल. घर मोरजीला, समुद्र चालत पाच मिनिटांवर. दोन वर्षांपूर्वी अचानक गेममध्ये बोलणं पोकळ, जणू विहिरीतून, बंदुकीचा आवाज पसरट आणि दिशा काहीच कळेना. गाणं लावलं तर संगीत ऐकू येतंय पण गायक जवळपास गायब. दुकानात घेऊन गेलो तर मदरबोर्डचा साउंड गेला सांगून नवीन कार्ड माझ्या गळ्यात मारलं. घरी येऊन तेच. मग चिडून प्लग बाहेर काढला आणि खिडकीजवळ उजेडात धरला. टोकाकडची दोन कडी चकचकीत, आणि मुळाशी, जिथे प्लास्टिक सुरू होतं तिथे, हिरवट-काळा थर, नखाने खरवडला तर पावडर निघाली. जॅकच्या आतही ओलसर धूळ साचून प्लग अर्धा मिलिमीटर बाहेरच राहत होता. म्हणजे दोन्ही कानांचा जो सामाईक परतीचा तार असतो त्याचाच संपर्क सुटलेला. तसं झालं की दोन्ही कानांना फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो, आणि दोन्हीत जे सारखं असतं, म्हणजे मधला गायक, ते नाहीसं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसला, जॅक वाळवला, प्लग टक् आवाज येईपर्यंत आत ढकलला. सगळं जिथल्या तिथे. दुकानदाराने कार्ड परत घेतलं नाही, तो राग अजून आहे. आता हेडफोन आणि डॅक दोन्ही सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात असतात, जून ते सप्टेंबर तर न चुकता.

जुनापीसी:
हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. किनारपट्टीवरच्या प्रत्येकाने वाचावा.

पावसाळी:
आता हेडफोनचं बोलू, कारण कुळागरकरांचे सहा हजार वाट बघतायत. माझं मत ओपन-बॅक. मागून जाळी असलेले, कप बंद नसलेले. त्यात आवाज डोक्यात कोंडत नाही, बाहेर पसरतो, जागेचा अंदाज खूप सुधारतो.

खाऱ्यावाऱ्याचा:
ताई, ओपन-बॅक ऐकायला गोड हे मान्य. पण आमच्याकडे वर पत्रे आहेत. जुलैत पाऊस कोसळायला लागला की बाजूला बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तिथे जाळीतून सगळा पाऊस कानात येतो आणि हळू पाऊल त्यात बुडतं. पंखा पाचवर असला तरी तेच. मी बंद कपवालाच वापरतो.

पावसाळी:
माझं कौलारू घर आहे आणि मी रात्री बारानंतर खेळते, म्हणून मला जमत असेल. पण बंद कपात बासचा फुगवटा आला की पावलं झाकतात, हेही खरं आहे.

सर्किट:
दोघांचंही बरोबर, घर बघून घ्या. दिशेसाठी खरं महत्त्व आहे ते डावी-उजवी बाजू एकमेकांशी जुळलेली असण्याला आणि वरच्या पट्टीत मोठे खड्डे नसण्याला, कारण पाळीचा रंग तिथेच असतो. साधा वायरचा स्टिरिओ हेडफोन, माइक वेगळा. आणि गाद्या! गाद्या फाटल्या-चपटल्या, एका बाजूने फट राहिली की दोन कानांचा तोल गेला. चष्म्याच्या काडीनेही फट पडते.

ट्रिगरमास्टर:
एवढा शास्त्रार्थ कशाला, विंडोजमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन चालू करा, पावलं ढणढण ऐकू येतात. 

न्यूकवाली:
मी वर्षभर वापरलं आणि सोडलं. ते बारीक आवाज मोठे करतं आणि मोठे आवाज लहान. पाऊल ऐकू येतं हे खरं, पण लांबचं आणि जवळचं दोन्ही एकाच मापाचं होतं. मला माणूस कोपऱ्यावर आहे असं वाटायचं, तो तीन खोल्या पलीकडे असायचा.

ट्रिगरमास्टर:
मला अंतर मॅपवरून कळतं. पाऊल ऐकूच आलं नाही तर अंतराचं काय करू? मी चालूच ठेवणार.

न्यूकवाली:
ठेवा की. ज्याचं त्याला जमतं ते बरोबर. फक्त आवाज फार मोठा ठेवू नका, कान एकदाच मिळतात.

कुळागरकर:
चार दिवसांनी आलो, चतुर्थीची रंगरंगोटी चालू होती. सगळं सविस्तर लिहितो.

त्या रात्री ७.१ बंद, सॉनिक बंद, बास बंद केलं. पहिली दोन तास अजिबात आवडलं नाही, आवाज कसा उघडा पडल्यासारखा. भावाने तर विचारलं तू माइकपासून लांब का बोलतोयस, काही संबंध नसताना. पण तिसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन वेगळी मॅच लावली, फक्त दोघं. मी डोळ्यांवर पंचा बांधून माउस न हलवता उभा, ती माझ्याभोवती कुठूनही धावायची आणि मी दिशा सांगायची. आधी जुनं सेटिंग: समोर-मागेत वीसपैकी अकरा चुकलो. मग नवीन: वीसपैकी सहा चुकलो. मग माउस हलवायची परवानगी घेतली आणि एकच चुकलो, तोही ती मुद्दाम उडी मारून थांबली म्हणून. बहिणीने कानांबद्दलचे शब्द मागे घेतले आहेत, ते इथे नोंदवून ठेवतो.

वर-खाली मात्र अजून कच्चं आहे. काल न्यूकवर शिडीचा आवाज ओळखून एक जण मिळाला, बाकी अंदाजच. भाटातलाच्या आजींसारखं मॅप ऐकायला बसणार आहे, रोज दहा मिनिटं एकटा फिरून.

सर्किट:
वा! हे ऐकून फार बरं वाटलं. वर-खालीला वेळ लागतोच, पण कान शिकतात. आता मधेच सेटिंग बदलू नका, नाहीतर शिकलेलं परत पुसतं.

म्हापशेकार:
आणि सहा हजारांचं काय केलंस?

कुळागरकर:
हेडसेटच्या एका गादीला खरंच भेग होती, सर्किटदादांनी लिहिल्यावर बघितली. नवीन जोडी मागवली, साडेचारशे रुपये. बाकीचे चतुर्थीत गेले, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान यंदा काय महाग आहे!

पावसाळी:
चतुर्थी झाली की एकदा माझा ओपन-बॅक ऐकून जा, डिचोलीला बहिणीकडे येशील तेव्हा. पाऊस नसताना.

न्यूकवाली:
तोवर आज साडेनऊला न्यूक. पाचवा माणूस हवाय, रातपाळी येतेस?

रातपाळी:
आले. भाजी उतरवून येते.